चिनी डॉक्टरने विचारलं "मुंग्या की बधीर?" – हातापायाच्या मुंग्या आणि चिनी औषधपद्धती

सुझौकर
मंडळी, थोडं विचारायचंय आणि थोडं सांगायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या. चीनमध्ये सुझौला राहून पाच वर्षं झाली. गेले दीड-दोन महिने उजव्या हाताला मुंग्या येतायत. दिवसा फार नाही पण रात्री अडीच-तीनला हमखास जाग येते, हात असा मेल्यासारखा पडलेला असतो, पलंगाच्या कडेला लोंबकळत ठेवून झटकला की पाच मिनिटांनी जिवंत होतो. मी लक्ष देत नव्हतो, पण परवा कॅन्टीनमध्ये चॉपस्टिक हातातून सुटली आणि आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका बाईंनी ते पाहिलं. पन्नाशीच्या पुढच्या आहेत, आम्हा सगळ्यांच्या बिनपगारी आई. त्यांनी शनिवारी मला अक्षरशः दंडाला धरून चिनी औषधांच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर साठीचे असतील. बसायच्या आत पहिला प्रश्न, "मा का मू?" मी म्हटलं, मामू? कोण मामू? बाई हसून हसून बेजार. तर चिनी भाषेत बधीरपणाला मामूच म्हणतात, खोटं वाटेल पण खरंय. मा म्हणजे मुंग्या, झिणझिण्या. मू म्हणजे लाकूड. हात लाकडासारखा झालाय, चिमटा काढला तरी कळत नाही, ते मू. दोघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी म्हणे. मी म्हटलं मा.

मग जीभ बाहेर काढायला लावली आणि बराच वेळ बघत बसले. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत म्हणाले. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. निदान असं की छी, म्हणजे त्यांच्या मते अंगात खेळणारी प्राणशक्ती, कमी पडतेय, त्यामुळे रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जात नाही, त्यात एसीचा वारा आणि गारठा शिरलाय. मनगटावर आणि हातावर सुया, वीस मिनिटं. आणि सात दिवसांचा काढा. तो हॉस्पिटलातच मशीनवर उकळून प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटांत देतात, दुधाच्या पिशवीसारख्या. चौदा पाकिटं फ्रीजमध्ये आहेत. बायको पुण्याहून फोनवर म्हणते हात लावायचा नाही.

तर प्रश्न दोन. या मा-मूला काही अर्थ आहे का? आणि पिऊ का?

खवचट_खंडू
छी कमी आहे म्हणजे चांगलंच आहे की. छी छी जास्त असतं तर पंचाईत होती.

निशिगंध
खंडू =))
सुझौकर, वाचतेय. पण दीड महिना रात्री जाग येते आणि तुम्ही "लक्ष देत नव्हतो"? तुम्हा पुरुषांचं काही खरं नाही.

बोरूबहाद्दर
मा-मूला अर्थ आहे आणि तो चांगला जुना आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात चू दान-शी नावाचा मोठा वैद्य होऊन गेला (१२८१ ते १३५८), त्याचं सूत्रच आहे की हाताला मा होतं ते छी दुबळी पडल्यामुळे आणि मू होतं ते ओलसर कफ आणि मेलेलं रक्त साचल्यामुळे. म्हणजे एकात काहीतरी कमी आहे, ते भरून काढायचं. दुसऱ्यात काहीतरी अडकलंय, ते मोकळं करायचं. तुमच्या डॉक्टरने बसायच्या आत प्रश्न विचारला तो उगाच नाही, उत्तरावर सगळा रस्ता बदलतो.

नंतरच्या, अठराव्या शतकातल्या एका ग्रंथात दोन्हीचं वर्णन आहे, ते मला फार आवडतं. मा म्हणजे खाज नाही, दुखणं नाही, मांसाच्या आत हजारो बारीक किडे सैरावैरा फिरतायत, दाबलं तर थांबत नाहीत, खाजवलं तर वाढतात. आणि मू म्हणजे आपलंच मांस दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटणं. आता आपण "मुंग्या येतात" म्हणतो ते काय वेगळं आहे? त्यांचे किडे, आपल्या मुंग्या.

सोलापुरी_चादर
"आपलंच मांस दुसऱ्याचं वाटणं" हे भारीच. माझ्या वडिलांना डायबेटिस, ते म्हणायचे पायाखाली कुणीतरी गादी घातलीय असं वाटतं. एकदा चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि ते तसेच देवळापर्यंत गेले. सोलापूरच्या उन्हात, मे महिन्यात. घरी आल्यावर आईने तळपायाचे फोड बघितले तेव्हा कळलं.

डॉ_बिनकामाचे
आलो. (शीर्षक बघूनच येणार होतो, पण सोलापुरी यांच्या चपलेने घाई करायला लावली.)

सुझौकर, मला चार गोष्टी सांगा. कुठली बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं का करंगळीसुद्धा? मानेतून खाली कळ उतरते का? शुगर आणि थायरॉइड कधी बघितलंय? आणि तुम्ही शाकाहारी का?

तुम्ही लिहिलंय रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. हे वाक्य आमच्याकडे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतात. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून एक नस आणि नऊ स्नायुरज्जू जातात, तिथे दाटी झाली की नस दबते. कार्पल टनेल. त्यात करंगळी शाबूत राहते, कारण तिची नस त्या बोगद्यातून जातच नाही. छी कमी असेल तर ती करंगळीत बरी कमी पडत नाही, एवढंच मी विचारीन.

टवाळ
डॉक्टर, छीला करंगळी दाखवली की ती पुढे येते, आपल्याकडे शाळेत करंगळी दाखवली की बाहेर सोडतात.

वैद्य_कोथरूड
डॉक्टरसाहेब, हा टोमणा जरा घाईचा झाला. चिनी पद्धतीतही कुठलं बोट हे विचारतात, कारण त्यांच्या छीच्या वाहिन्या बोटानुसार आहेत. अंगठा फुप्फुसाचा, मधलं बोट हृदयावरणाचं, करंगळी हृदयाची आणि लहान आतड्याची. मधल्या बोटाची वाहिनी हाताच्या आतल्या बाजूने दोन रज्जूंच्या मधून मनगट ओलांडते. आता तुमची ती दबणारी नस कुठून जाते?

आणि वाऱ्याबद्दल. चिनी भाषेत पक्षाघाताला चुंगफंग म्हणतात, शब्दशः वाऱ्याचा तडाखा बसणं. आपल्याकडे आजही खेड्यात म्हणतात, अमक्याच्या अंगावरून वारं गेलं. आयुर्वेदात वात. दोन्हीकडच्या लोकांनी अचानक येणारं, जागा बदलणारं, दिसत नाही पण पाडून जातं असं जे काही आहे त्याला वाराच म्हटलं. मात्र चिनी फंग म्हणजे आपला वात असं समीकरण मांडू नका, फंग बाहेरूनही शिरतो आणि यकृत बिघडलं की आतूनही उठतो. त्यांच्या जुन्या ग्रंथांत इशाराच आहे की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधीर होऊ लागलं तर तीन वर्षांत पक्षाघाताची भीती, सांभाळा.

निशिगंध
वैद्यबुवा, रात्री साडेअकराला हे असलं लिहू नका हो. माझा अंगठा आत्ताच बधीर झाला.

डॉ_बिनकामाचे
निशिगंध, फोन खाली ठेवा, बरा होईल.

वैद्य, नस आणि वाहिनी एकाच वाटेने जाते हे मान्य. पण त्या तीन वर्षांवर कुणी बसून राहू नये म्हणून सगळ्यांसाठी सांगतो. अचानक, एका बाजूचा चेहरा-हात-पाय बधीर, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं, असं झालं तर काढा नको, सुई नको, धागा नको. गाडी काढा आणि मोठं हॉस्पिटल गाठा.

बोरूबहाद्दर
अवांतर, पण राहवत नाही. चीनच्या फार जुन्या वैद्यकग्रंथात, हुआंगदी नेइचिंगमध्ये, बधीर अवयवाला "पू-रन" म्हटलंय. पू म्हणजे नाही. आणि रन म्हणजे कन्फ्यूशियसचा रन, माणुसकी, करुणा! बधीर हात म्हणजे माणुसकी नसलेला हात. अकराव्या शतकात छंग हाओ नावाच्या तत्त्वज्ञाने हे उचललं. तो म्हणाला, वैद्य लोक लुळ्या बधीर हातापायाला पू-रन म्हणतात ते फार नेमकं आहे, कारण हात तुझाच पण त्याचं दुखणं तुझ्यापर्यंत पोचत नाही. ज्याला दुसऱ्याचं दुःख पोचत नाही तोही तसाच.

सोलापुरी_चादर
दंडवत घ्या बोरूशेठ. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पू-रन झालाय हे आज समजलं.

मालवणी_तिरफळ
माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल मी कशासाठी आलोय. चायनीज हॉटेलात मा-ला असं लिहिलेलं असतं ना, ते मा हेच. ला म्हणजे तिखट. सिचुआनचं हुआच्याओ खाल्लं की ओठ थरथरतात, जीभ बधीर होते, ते मा. आणि हुआच्याओ कोण? आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ, एकच कुळी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात, बी काढून टाकायची, आणि कुणी चुकून अख्खं चावलं की त्याचं तोंड बघायचं. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ओठांवर हुआच्याओ लावून मोजलं होतं, थरथर सेकंदाला साधारण पन्नास कंपनांची. म्हणजे पन्नास हर्ट्झ, आपल्या घरातली वीज!

आता माझा प्रश्न. यांना जेवणात मा हवं, हातात नको?

सुझौकर
तिरफळ, जेवणातच नाही, सुईतही हवं! त्या दिवशी सुई खुपसल्यावर डॉक्टर तिला हळूहळू फिरवत सारखे विचारत होते, आलं का, आलं का. मला कळेना काय यायला हवंय. बाईंनी सांगितलं, आंबल्यासारखं, मुंग्यांसारखं, फुगल्यासारखं किंवा जड वाटलं की सांग. त्याला तछी म्हणतात, छी हाताला लागली. मनगटाच्या वर दोन रज्जूंच्या मधोमध सुई होती, मधल्या बोटापर्यंत सर्रकन झिणझिणी गेली आणि मी मराठीत ओरडलो. डॉक्टर इतके खूश झाले की विचारू नका. मुंग्या घालवायला गेलो आणि मुंग्या आल्या म्हणून शाबासकी मिळाली.

डॉक्टरसाहेब, बोटं बघितली. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अंगठीच्या बोटाची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू. करंगळी ठणठणीत. मान ठीक. शुगर गेल्या वर्षी नॉर्मल. मी शाकाहारी आहे, इथे येऊनसुद्धा, त्यामुळे पाच वर्षं टोफू.

डॉ_बिनकामाचे
अर्धं अंगठीचं बोट! अहो हे पुस्तकातलं चित्र झालं. आणि ती सुई नशीच्या अगदी डोक्यावर होती, सर्रकन जाणारच. नशीची तपासणी करून घ्या, हाताला बारीक करंट देऊन वेग मोजतात. शिवाय बी-१२ बघा. शाकाहारी मराठी माणूस आणि पाच वर्षं टोफू, मी पैज लावतो कमी निघेल. (डायबेटिसच्या मेटफॉर्मिननेही बी-१२ उतरतं, सोलापुरी, वडिलांचं बघितलंय का?)

नीलाक्षी_सिंगापूर
इथे चिनी वैद्यांची कायद्याने नोंदणी होते, कुणीही उठून पाटी लावू शकत नाही. माझ्या बाळंतपणात शेजारच्या चिनी आजींनी मला जे सांगितलं ते सगळं माझी आई आधीच सांगून बसली होती. गार पाण्यात हात घालू नको, पंखा नको, डोकं-कान बांधून ठेव, नाहीतर म्हातारपणी सांधे धरतील आणि हातांना मुंग्या येतील. बाळंतपणात रक्त जातं, अंगाची दारं उघडी राहतात आणि वारा शिरतो, असं त्या आजी म्हणायच्या. आई म्हणायची वाताचं दुखणं लागतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण माझा फ्रीज उघडलेला दिसला की दोघी एकाच सुरात ओरडायच्या.

आणि खरं सांगू, सातव्या महिन्यापासून माझ्या दोन्ही हातांना अशाच मुंग्या होत्या. डॉक्टर म्हणाली अंगावर पाणी साठतं, मनगटात दाटी होते. बाळ झाल्यावर दीड महिन्यात गेल्या. आई म्हणते शेक-शेगडीने, आजी म्हणायच्या आलं आणि काळ्या व्हिनेगरच्या सूपने.

टवाळ
आणि बाळाचे बाबा म्हणाले असतील, मी हात चेपून दिले म्हणून.

नीलाक्षी_सिंगापूर
त्यांचा काही दावा नाही, ते झोपलेले होते.

वैद्य_कोथरूड
सुझौकर, काढ्यात काय काय आहे ते टाका की. कागद असेलच.

सुझौकर
बाईंकडून वाचून घेतलं. हुआंगछी ३० ग्रॅम, पिवळी मुळी आहे, छी वाढवायला. क्वेइची म्हणजे दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या काड्या. पांढऱ्या पिओनीची मुळी. आलं. लाल सुकी बोरं. शिवाय तुतीच्या फांद्या आणि "कोंबडीच्या रक्ताची वेल" नावाचं काहीतरी, ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच होतो, मी शाकाहारी. पण वेलच आहे, कापली की लाल चीक येतो म्हणून नाव.

बोरूबहाद्दर
पहिली पाच म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीचा योग आहे, हान काळातल्या चांग चुंग-चिंगचा. अंगाला संवेदना नाही, सुखवस्तू माणूस, हाडं मऊ, मांसल शरीर, जरा घाम आला आणि वारा लागला की आजारी, अशा माणसासाठी. सुझौकर, रागावू नका.

सुझौकर
पाच वर्षं खुर्चीत बसून काम आहे, रागावून काय करू.

वैद्य_कोथरूड
तुतीची फांदी आणि दालचिनीची काडी का, तर झाडाच्या फांद्या तसे माणसाचे हात. फांदी फांदीकडे जाते असा त्यांचा तर्क. हसू येईल, पण घटक त्या मानाने सौम्य आहेत. मला भीती दुसरी होती. दुखणं-बधीरपणासाठी ते फूझी, छ्वानवू, छाओवूही वापरतात, हे सगळे आपल्या बचनागाचे भाऊबंद. नीट शोधन न केलेला, कमी उकळलेला बचनाग पोटात गेला तर पहिलं लक्षण काय? ओठ, जीभ आणि हातापायाला मुंग्या. मग हृदयाचे ठोके बिघडतात, माणसं दगावलीत. मुंग्यांवरच्या औषधाने मुंग्या आल्या तर "औषध लागू पडतंय" असं समजून दुसरा डोस घेऊ नका. आपल्याकडच्याही पुड्यांना हेच लागू.

डॉ_बिनकामाचे
वैद्यांशी शंभर टक्के सहमत, तारीख लिहून ठेवा. अजून एक. ९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी जवळपास त्याच नावाची दुसरी मुळी गेली, हान-फांगची आणि क्वांग-फांगचीचा घोळ, आणि कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या. नावातलं एक अक्षर बदललं की हे होतं. म्हणून ऑनलाइन मागवलेली पावडर अजिबात नको.

सोलापुरी_चादर
चीन आणि डॉक्टर म्हटल्यावर आमच्या कोटणीसांचं नाव कुणीच काढलं नाही? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिथेच वारले, वय फक्त ३२.

बोरूबहाद्दर
काढतो. त्या पथकात पाच जण होते, नागपूरचे डॉ. चोळकर त्यातलेच. पण सुयांशी खरा संबंध पाचव्याचा, कलकत्त्याच्या डॉ. बिजय बसूंचा. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन भारतात सुरू केलं. कोटणीस मात्र सर्जन, चाकूवाले.

निशिगंध
सुयांचा उपयोग होतो का नाही ते सांगा ना कुणीतरी, इतिहास पुरे. माझ्या मावशीला केमोनंतर बोटांना मुंग्या आहेत, फ्रीजमधली बाटली धरली की चटका बसल्यासारखं होतं.

डॉ_बिनकामाचे
मावशींचं आधी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञाला सांगा, पुढच्या डोसचं प्रमाण त्यावरून ठरवावं लागतं, आणि रक्तातल्या पेशी कमी असताना सुया टोचून घ्यायच्या नाहीत. कार्पल टनेलचं म्हणाल तर २०१८ चा कोक्रेनचा (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढावा म्हणतो की तुलनेसाठी नावापुरत्या दिलेल्या खोट्या सुयांच्या मानाने फरक किरकोळ किंवा नाहीच, आणि पुरावाही कच्चा.

वैद्य_कोथरूड
आणि २०१७ ला बॉस्टनच्या गटाने मोजलं तेव्हा बरं सगळ्यांनाच वाटलं, खोट्या सुयांनीही, पण नशीचा वेग खऱ्या सुयांनीच सुधारला. हेही सांगा की.

डॉ_बिनकामाचे
सांगितलंत ना तुम्ही. अभ्यास छोटा होता. पण खोटा नव्हता, मान्य.

खवचट_खंडू
दोघं सहमत होतायत, धाग्याला छी कमी पडली का?

सुझौकर
मंडळी, एक गंमत. डॉक्टरसाहेबांनी ती करंटची तपासणी सांगितली म्हणून मी बाईंना विचारलं की इथे कुठे होते. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की काय सांगू. म्हणाल्या, ती त्याच दिवशी लिहून दिलीय, तुझ्याकडे चिठ्ठी आहे! पाकिटांच्या पिशवीत तळाला एक गुलाबी कागद होता, मी समजत होतो बिल आहे. त्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, येत्या गुरुवारची वेळ. रक्ताचीही चिठ्ठी होती. म्हणजे जीभ बघणाऱ्या माणसाने हे सगळं आधीच धरलं होतं आणि मी इथे तुम्हाला पिडतोय.

डॉ_बिनकामाचे
आता मला मुंग्या आल्या. जाऊन या.

सुझौकर
(दहा दिवसांनी) उशिराबद्दल सॉरी. उजव्या मनगटात नस दबलीय, मध्यम प्रमाणात. बी-१२ कमी, डॉक्टरसाहेब पैज जिंकलात. रिपोर्ट घेऊन त्याच साठीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला, परत जीभ दाखव म्हणाले. मग बी-१२ च्या गोळ्या लिहिल्या, त्याच कागदावर खाली काढा चालू, हुआंगछी तेवढीच. रात्री मनगट सरळ ठेवायचा पट्टा दिलाय. माउस डाव्या हाताला घेतलाय, त्यामुळे सध्या प्रत्येक मेलमध्ये चुका. तीन महिन्यांनी परत करंट, तेव्हा सुधारणा नसेल तर छोटं ऑपरेशन, हे त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं, छी का नस? सहकारी बाईंनी भाषांतर करायला नकार दिला, असं डॉक्टरांना विचारायचं नसतं म्हणाल्या.

चौथ्या रात्रीपासून जाग आली नाही. पट्ट्याने का गोळ्यांनी का काढ्याने, काय माहीत, सगळं एकाच दिवशी चालू केलं. काढा आलं-दालचिनीच्या चहासारखा लागतो, वर जरा मातीची चव. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

निशिगंध
आता कळलं. ती इथेच वाचनमात्र असते.

नवीन_सदस्य_७
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. गरम पाणी पिऊन बघितलंत का?

सुझौकर
तुम्ही चीनमध्ये राहता का हो?